डबल बेल

शंकररावांनी हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली आणि खाली उतरायच्या आधीच मनाशी ठरवून टाकलं की चूक आपली नाही.

मागे सीटकव्हरवाल्या अन्वरची मोटारसायकल आडवी पडली होती. तिचा मागचा दिवा फुटून लाल काचा मातीत विखुरल्या होत्या. मुलीच्या, सुवर्णाच्या गाडीचा बंपर एका बाजूने आत दबला होता. तीस वर्षं एसटी चालवली शंकररावांनी, पण कधी कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नव्हता. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून किल्लीला लटकत होता. आणि आज वडनेर भोलजीत, भर दुपारी, उभ्या मोटारसायकलला मागे येताना धडक!

समोरच्या किराणा दुकानातून सुवर्णा पिशवी सावरत धावत आली. नांदुऱ्याच्या शाळेत ती शिकवायची. गाडी तिची होती, चालवायची हौस बापाची. महिन्यापूर्वीच तिने बजावलं होतं, "बाबा, गाडीले कुठं खरचटलं ना, तर किल्ली माह्याजवळ." तेव्हापासून ती त्यांच्यावर डोळा ठेवून होती. टीव्ही मोठ्याने लागला की दारातून डोकवायची. फोनवर त्यांनी दोनदा "काय?" विचारलं की तिची भुवई चढायची. शंकररावांचं उत्तर ठरलेलं होतं.

"आयकू येते सारं. उत्तर द्याची गरज वाटत नाई, एवढंच."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तसं शंकररावांनीच आधी तोंड उघडलं.

"गाडी इथं काऊन लावली बे? रस्ता काय तुह्या घरचा हाये?"

अन्वरने नुकतीच त्यांच्या गाडीला नवी सीटकव्हरं बसवून दिली होती. त्याच्या हातात अजून दोरा ओवलेली मोठी सुई होती. ती त्याने शर्टाच्या कॉलरला खोचली.

"काका, चुकी माही हाये."

शंकरराव गडबडलेच. तीस वर्षांत रस्त्यावर चूक कबूल करणारा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता. पाणी कुठंतरी मुरत होतं. या पोराच्या गाडीचे कागद नसतील. नाहीतर फोनमध्ये सारं टिपून घेत असेल. त्यांनी त्याच्या खिशाकडे पाहिलं, दुकानाच्या पत्र्याखाली कॅमेरा आहे का तेही पाहून घेतलं.

"तुही कशी काय?"

"तुमी मांगं येऊन राह्यले होते. थांबवाले म्हणून म्या पळत येऊन डिक्कीवर हात मारला. दोनदा."

"मंग?"

"मंग काय? किल्लीले बिल्ला हाये तुमच्या, मघाच पाह्यला म्या. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चाल. म्या दोनदा ठोकल्यावर तुमी मांगं येसानच ना! आमचे अब्बा कंडक्टर होते, शाकिरभाई. दुसऱ्या कोणाले नाई, पण मले तरी कळाले पाह्यजे होतं."

सुवर्णाने वडलांकडे पाहिलं.

"बाबा, खरं हाये हे?"

शंकररावांनी आठवून पाहिलं. काच खाली होती, रेडिओ बंद होता. डिक्कीवर थाप पडलेली त्यांना आठवेना. आठवत होता तो एकदम बसलेला धक्का. त्याच्या आधी काहीच नव्हतं. पण समोर हे आयतं उत्तर मांडून ठेवलेलं होतं, आणि मुलगी त्याची वाट पाहत होती.

"त मंग? डबल बेल आयकली अन् पाय आपोआप पडला. तीस वर्षांची सवय, सुटते का?"

सुवर्णा हसली. किती दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती! शंकररावांनाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. अन्वर मोटारसायकल उभी करत होता. सुवर्णाने दिवा बसवून देते म्हटलं, तर तो हात जोडून नको म्हणाला.

"चुकी माही असतानी तुमचं कसं घेऊ, ताई? अब्बा असते तं मलेच दोन शब्द बोलले असते."

शंकररावांनी पुन्हा एकदा त्याचा चेहरा निरखला. तो काहीतरी लपवत असता तर त्यांना फार बरं झालं असतं. पण चेहऱ्यावर तसं काही सापडेना.

"तुमीच चालवा, बाबा," सुवर्णा शेजारच्या सीटवर बसत म्हणाली.

त्यांनी गाडी सुरू केली. अन्वर मागे गेला, जाता जाता खिडकीत वाकला.

"घाई नका करू, काका. मांगून ट्रक येऊन राह्यले. मोकळं झालं की बेल देतो. डबल!"

मागच्या काचेला उन्हासाठी काळी जाळी लावलेली होती. त्यातून अन्वर दिसत नव्हता. बाजूच्या आरशात त्याच्या शर्टाची कड तेवढी दिसत होती, हात दिसत नव्हते. शंकररावांनी गिअर टाकला, क्लचवर पाय धरला आणि त्या शर्टावर नजर लावली. एक ट्रक गेला. मग दुसरा गेला. पुढे रस्ता रिकामा झाला. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

सुवर्णाने त्यांच्या दंडाला हात लावला.

"चला ना, बाबा."

"बेल तं होऊ दे."

वर्गात एखादं पोर खोटं बोलताना सापडलं की पाहावं तसं तिने आधी पाहिलं. मग तिची नजर एकदम मऊ झाली, आणि तेच शंकररावांना सोसलं नाही.

"झाली बेल," ती म्हणाली. "दोन डाव देली त्यायनं."

ट्रक पाहत होतो, असं सांगता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. किल्लीचा बिल्ला इंजिनाच्या थरथरीने हलत होता. शंकररावांनी गाडी बंद केली, किल्ली काढली, बिल्ल्यासकट सुवर्णाच्या तळहातावर ठेवली आणि दार उघडून खाली उतरले.

अन्वरचा हात अजून डिक्कीवरच होता.

"काय झालं, काका? आयकू नाई आलं का?"

"नाई आलं," शंकरराव म्हणाले. "मघाशीबी नव्हतं आलं."