धावपट्टीखालचं घर

मास्तरांनी शिकाऊ गाडी धावपट्टीच्या मधोमध उभी केली, मागचं दार उघडलं आणि ताईला हात देऊन खाली उतरवलं. पंचाहत्तरीची त्यांची थोरली बहीण क्षणभर काँक्रीटकडे बघत राहिली. मग रोजचीच वाट असल्यासारखी काठी टेकत चालू लागली. नकाशा पोटाशी धरून मोजणीदार मागोमाग निघाला. तीन दिवस वारसांशी बोलून बोलून त्याचा घसा बसला होता.

युद्धाच्या काळात लष्करानं हे गाव आठ दिवसांत उठवलं होतं. लढाई संपली की परत या, असं सांगून घरं पाडली आणि वर धावपट्टी ओतली. विमानं उडाली जेमतेम अडीच वर्षं. पुढे विमानांच्या शेडमध्ये सरकारी धान्य साठवलं गेलं, एका पुरानंतर चार वर्षं तिथे माणसं राहिली, मग काही काळ ट्रकांचे ब्रेक तपासले गेले. शेवटी उरलं ते गवत आणि मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल. आता सरकारलाच जमीन नकोशी झाली होती. ती जुन्या घरमालकांच्या वारसांना परत मिळणार होती, पण कोणाचं घर कुठे होतं हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं.

"हे सुताराचं," ताई म्हणाली. "इथं विहीर. पलीकडं दोघी जावांचं घर, मध्ये भिंत घातलेली. बोलायच्या नाहीत एकमेकींशी. पण पीठ संपलं की भिंतीवरून वाटी यायची."

मोजणीदार चुन्याच्या खुणा करत गेला.

"आणि तुमचं, आजी?"

ताईनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "जरा बसू दे मला."

मास्तरांनी तिला गाडीत पुढे बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगशी बसले. गाव उठल्यावर तीन वर्षांनी ते जन्मले, पण घर त्यांना तोंडपाठ होतं. वडील रोज जेवताना ते सांगायचे. तीन खोल्या, पूर्वेला दार, दारात झाड. धावपट्टी मोडली की स्कूल बंद होणार होतं. भाड्याच्या दोन खोल्यांतून उठून दोघांनी इथे यायचं, असं मास्तरांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

"आपलं घर नव्हतं रे इथं," ताई समोरच्या काचेतून बघत म्हणाली. "सुताराच्या मागं लाकडं ठेवायची खोली होती, तिच्यात राहायचो आपण. बाबा त्याच्याकडं रंधा मारायचे."

मास्तरांचा हात उगाच गिअरवर गेला आणि तिथेच राहिला.

"नव्या वस्तीत सगळ्यांचीच घरं गेलेली. ज्याचं घर गेलं त्याला लोक बसवून घ्यायचे, विचारपूस करायचे. ज्याचं काहीच गेलं नाही त्याला कोण विचारतं? पहिल्यांदा बाबा सहज बोलून गेले, आमचंही घर गेलं. मग बोलतच राहिले."

"मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस."

"तू ऐकायचास तेव्हा त्यांना घास गोड लागायचा."

मोजणीदार खिडकीशी आला. त्याच्या हातात जाड फाईल होती. "मास्तर, वडिलांचे बावीस अर्ज आहेत यात. हरकत घ्यायला कोणी हयात नाही. आजींनी नुसतं बोट दाखवलं तरी पुरे."

ताईनं भावाकडे पाहिलं. "तू म्हणशील तिथं दाखवते. मी थकले आता."

मास्तरांनी फाईल मांडीवर घेतली. पहिल्या अर्जात एकच खोली होती. सहाव्यात दोन झाल्या. अकराव्यात ओटा आला, सतराव्यात झाड. अक्षर कापरं होत गेलं होतं, घर मात्र वाढत गेलं होतं. बराच वेळ ते पानं उलटत राहिले.

"दावा मागे घेतला तर या कागदांचं काय होतं?"

"निकाली कागद. रद्दीत जातात."

"मग मला द्या. कुठे सही करू?"

मोजणीदारानं एकदा ताईकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "नीट विचार करा. मागाहून काही होणार नाही."

"केला."

सही झाली. मोजणीदारानं फाईलची नाडी सोडून अर्जांचा गठ्ठा बाजूला काढून दिला आणि तो पुढच्या खुणेकडे निघून गेला. मास्तरांनी गाडी सुरू केली, पण हलवली नाही.

"शेवटचा वाच," ताई म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. दार, ओटा, झाड, तिसरी खोली. ताई डोळे मिटून ऐकत होती. वाचून झालं तरी तिनं ते उघडले नाहीत.

"स्वयंपाकघराला खिडकी लिहिली नाही त्यांनी," ती म्हणाली. "तू लिही."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं.

"कुठल्या बाजूला?"