चौथी पट्टी

लेक घरी आली की तिचा गणवेश इस्त्री करायचा मान विश्वंभररावांचा. झाशीतून मेलगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस बकुळच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्यांना मात्र जपून हात लावी. चार पट्ट्या म्हणजे विमानाची कॅप्टन! लक्ष्मी गेटपासून सदर बाजारापर्यंत त्यांनी हे इतक्यांना ऐकवलं होतं, की ओळखीचे लोक रस्ता बदलत.

त्या सकाळी पट्ट्या तीनच निघाल्या.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. तीनच. त्यांच्या हिशेबी ड्रायव्हरला पुन्हा असिस्टंट करतात ते एकाच गुन्ह्यासाठी.

"बकुळ! लाल सिग्नल ओलांडलास का गं? कोणी मेलं तर नाही ना?"

"क्या बाबा, सुबह सुबह!" बकुळला हसूच आलं. "काही केलं नाही मी. कंपनीने छोटी विमानं विकली. मोठ्या विमानांवर कॅप्टनच्या जागा कमी, त्या सीनियॉरिटीने दिल्या. बाकीचे को-पायलट. पगार कॅप्टनचाच राहणार, लिहून दिलंय."

"पगार गेला खड्ड्यात! खुर्ची गेली ना? कॅप्टन कुठल्या नंबरपर्यंत राहिले?"

"एकशे चाळीस."

"आणि तू?"

"एकशे सत्तेचाळीस."

"सातच नंबरांनी गेली? ते पुढचे काय तुझ्याहून हुशार?"

"नाही हो. दहा दिवस आधी रुजू झालेले. नंबर तारखेवर असतो."

विश्वंभररावांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. बारा वर्षांपूर्वी कंपनीने तिला दोन तारखा दिल्या होत्या, कुठलीही निवड म्हणून. पहिली पितृपंधरवड्यात पडत होती. "पक्षात नवं काम? मुळीच नाही, नवरात्रात रुजू हो," असं बजावणारे हेच. रेल्वेत नव्या पोरांना "एक दिवस आधी हजर हो, जन्मभर पुढे राहशील" हे शिकवणारेही हेच. करायला गेले गणपती, झाला मारुती.

"आता चौथी पट्टी कधी?"

"नऊ वर्षांनी. वरचे निवृत्त झाले की."

त्यांना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"तीन महिने झाले. त्यानंतर आत्ताच घरी येतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

बकुळने शर्ट झटकून त्यांच्यापुढे पसरला.

"तुम्ही इस्त्री करायचं सोडलं असतं, बाबा."