चेन न लावलेली पेशी

भाचीनं ती भलीमोठी गोल गादी वर्गातल्या टेबलावर ठेवली, चेन शोधायला सगळीकडून हात फिरवला, आणि मागच्या बाकावर बसलेल्या आत्याला एकदम आठवलं. चेन लावलीच नव्हती!

तीस वर्षं सोफे नि गाद्या शिवणारी बाई ती. आत काही भरलं की हात आपोआप टाका घालणार, तोही असा की शोधून सापडू नये. भाचीनं दहादा बजावलं होतं, "आत्या, ही गादी म्हणजे पेशी. वरचं कापड म्हणजे प्रद्रव्यपटल. ते उघडायचं आणि आतला एकेक भाग काढून मुलांना दाखवायचा." आत्यानं तीन दिवस खपून सगळे भाग शिवले, आत ठासून भरले आणि सवयीनं तोंड शिवून मोकळी झाली.

नेमके आज तपासनीस आलेले. तास आवडला तर भाचीची नोकरी कायम, नाही तर घरचा रस्ता.

"उघडा की," तपासनीस म्हणाले.

"उघडत नाहीये, सर." भाची रडकुंडीला आली.

"वा! आत काही जात नाही, बाहेर काही येत नाही. ही पेशी मेली म्हणायची!"

वर्ग खिदळला. आत्याचा पारा चढला. माझ्या हातच्या कामाला मेलेलं म्हणतो? पिशवीतली कात्री काढून ती तरातरा पुढं गेली आणि तिनं टर्रकन कापड फाडलं. सगळा ऐवज उसळून वर्गभर! मुलांची नुसती झुंबड उडाली.

"केंद्रक माझ्याकडं! हे सगळ्यांना हुकूम सोडतं!"

"लयकारिका! ही केरकचरा खाते!"

"गॉल्गी सापडला, बाई! हा माल बांधून पाठवतो!"

आता भाचीलाही हसू आवरेना. "आणि प्रथिनं कोण बनवतं?" ती ओरडली.

"रायबोसोम!" बाकाखालून आवाज आला. "पण दिसतच नाहीत, बाई, मण्याएवढाले आहेत!"

तपासनीसांनी नाकावरून घसरलेला चष्मा सरळ केला. त्यांच्या मांडीवर एक केशरी लांबोडकं काहीतरी येऊन पडलं होतं. ते त्यांनी आत्यापुढं धरलं.

"मुलांनी पाठ केलं असेल. तुम्ही सांगा, हे काय?"

भाचीनं डोळेच मिटून घेतले.

"तंतुकणिका," आत्या म्हणाली. "पेशीला लागणारी शक्ती हिच्यात तयार होते. आतून घड्या घालायला लावल्या हो या पोरीनं, बोटं मोडली माझी! म्हटलं, कशाला गं इतक्या? तर म्हणे, जितक्या घड्या तितकी कामाला जागा जास्त."

"शिक्षण कितवीपर्यंत तुमचं?"

"चौथी. तीही रडतखडत."

"मग हे कुणी शिकवलं?"

"कुणी म्हणजे? ही काय उभी आहे ना तुमच्यासमोर!"

"कायम," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी बसल्या जागीच कागदावर सही ठोकली. भाचीनं आत्याला कडकडून मिठी मारली आणि मुलांसमोरच आनंदानं भोकाड पसरलं. मुलांना तेवढं निमित्त पुरलं. हातात होती नव्हती ती सगळी पेशी त्यांनी दोघींच्या अंगावर उधळली.