काठीवरचा भार

"मूठ धरा, मास्तर! मूठ!" मी तिसऱ्यांदा ओरडले.

मास्तरांनी काठी पुन्हा मुठीच्या खाली वीतभर धरली होती, तीही उजव्या हातात. मोडलेला खुबा उजवा. म्हणजे काठी डाव्या हातात हवी आणि उजव्या पायाबरोबर पुढे पडायला हवी. हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून तीस वर्षं मी हेच शिकवत आले. ऐंशीच्या आजीबाईंनाही दोन दिवसांत जमतं. रोज घरी जाऊन शिकवूनही मास्तरांना तीन आठवड्यांत जमेना. त्यांची काठी जमिनीला लागतच नव्हती.

वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी मास्तर आम्हा सात-आठ म्हाताऱ्यांना काठीने स्वतःला वाचवायला शिकवायचे. बसस्टॉपवर माझी पर्स कुणीतरी हिसकावली, तेव्हा मी तिथे नाव घातलं. कुणी मनगट धरलं तर काठी वरून फिरवून त्याचंच मनगट कसं दाबायचं, वाकड्या मुठीने घोटा कसा ओढायचा, टोक छातीला लावून माणूस लांब कसा ठेवायचा. पहिले सहा महिने मी फक्त स्वतःचे घोटे फोडून घेतले. मास्तरांचा नियम एकच, त्यांच्या गुरूंकडून आलेला. काठी मुठीखाली वीतभर धरायची, तिच्यावर भार टाकायचा नाही. भार टाकला की ती उचलायला उशीर होतो.

ते जिन्यावरून पडल्यापासून त्यांची मुलगी येऊन राहिली होती. तिने मला निर्वाणीचं सांगितलं होतं, "मावशी, शनिवारी बाबा हॉलच्या दारापासून खुर्चीपर्यंत एकटे चालले तर राहू देत इथे. नाहीतर मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाते. वर्ग बंद." पोरगी वाईट नव्हती. घाबरली होती.

शुक्रवारी दुपारी माझाच धीर सुटला. "एवढा कसला ताठा, मास्तर? काठी टेकली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले.

"पडलो कसा, ते कुणाला सांगितलं नाही मी," ते म्हणाले. "पाय सटकला. काठी हातातच होती. खाली टेकवली असती तर वाचलो असतो. पण हात वर गेला, सिस्टर. डोक्यावर आडवी धरली मी काठी. वार अडवायला."

"कुणाचा वार?"

"कुणाचाच नाही. चाळीस वर्षांत मला मारायला कुणी आलंच नाही."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. मी त्यांचा डावा हात घेतला आणि एकेक बोट मुठीवर बसवलं.

शनिवारी आम्ही नेहमीसारखे रांगेत उभे राहिलो, काठ्यांची टोकं जमिनीपासून वर. मुलगी दारात थांबली. मास्तरांनी काठी डाव्या हातात घेतली, मूठ धरली आणि तिच्यावर भार टाकला. सगळा भार. रबरी बुचाचा आवाज हॉलभर झाला. आम्ही कुणी कुणाकडे पाहिलं नाही. खुर्ची चौदा पावलांवर होती आणि प्रत्येक पाऊल मी मनात मोजत होते.

ते पोचले, बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली. दारात मुलीने तोंडाला रुमाल लावला.

"सिस्टर, पुढे या," मास्तर म्हणाले. "तोल गेला तर काठी कशी टेकवायची, ते आज यांना शिकवा. मला येत नाही ते."

चाळीस वर्षांत त्यांनी वर्गापुढची ती जागा कुणाला दिली नव्हती. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाले, "मूठ धरा."

रांगेतले हात वीतभर खालीच घुटमळले. कुणाची हिंमत होईना. सगळ्यांच्या आधी खुर्चीतल्या माणसाने काठी जमिनीवर उभी केली आणि डाव्या हाताने मूठ धरली.