होडीतली दुसरी जागा

व्याह्याच्या होडीत जागा दोनच. एक व्याह्याची, दुसरी रंगाऱ्याची. लेकीचं लग्न झाल्यापासून दोघं दर रविवारी तळ्यावर जायचे आणि मासे कमी, टोमणेच जास्त घेऊन यायचे. पण यंदा भिंत रंगवताना लोखंडी शिडी घसरली ती नेमकी रंगाऱ्याच्या उजव्या अंगठ्यावर बसली. तेव्हापासून अंगठा असा ताठ, की जन्मात कुणापुढे वाकायचा नाही.

"तुमचं बरं होईस्तवर घड्याळवाल्याला नेतो," व्याही म्हणाला.

घड्याळवाला! मासा कुठल्या टोकानं धरायचा हेही त्याला ठाऊक नाही, आणि म्हणे त्यानं तळ्यावर जायला बूटसुद्धा घेतले. त्यात व्याह्यानं मधेच आपल्या गळाच्या काठीला दोरा गुंडाळायचं चकचकीत रीळ बसवून घेतलेलं. "नवं रीळ घेऊन या, जमलं तर जागा तुमची," असा निरोप आला, तशी रंगाऱ्यानं बायकोला घेतलं आणि तडक गळाचं दुकान गाठलं.

दुकानवाल्या बाईंनी काचेवर तीन रिळं मांडली. "हे काठीच्या वर बसतं. हे खाली लोंबतं. आणि हे झाकणाचं, बटण दाबलं की झालं. पोरंटोरं नेतात."

"वरचं द्या. आमच्या व्याह्यांचं वरच बसतं."

"त्याला अंगठा पाहिजे हो. दोरा सुटला की चक्री उधळते, ती अंगठ्यानं दाबून आवरायची."

रंगाऱ्यानं हात खिशात घातला. "आहे की अंगठा. चांगले दोन आहेत."

बायको छताकडे बघायला लागली.

दुकानामागच्या अंगणात बाईंनी दोऱ्याला शिशाचा गोळा बांधून दिला. रंगाऱ्यानं काठी फिरवली. गोळा गेला, चक्री भणभणली, आणि अंगठा? लग्नातल्या रुसल्या पाहुण्यासारखा बाजूला उभा! डोळ्याचं पातं लवतंय तोवर रिळावर दोऱ्याचं असं घरटं झालं, की सुगरण पक्ष्यानं लाजावं.

"अहो, अंडी कधी घालताय?" बायको म्हणाली.

बाईंचा कपाळावरचा चष्मा हसून हसून नाकावर आला. त्यांनी लोंबतं रीळ चढवलं. "उजव्या हातात काठी. अंगठ्याशेजारच्या बोटानं दोरा धरा, ही तारेची कडी उघडा, फेका, बोट सोडा. गुंडाळायचं डाव्या हातानं. अंगठ्याला सुट्टी."

गोळा सुतासारखा सरळ पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन पडला. पण रंगाऱ्याचं तोंड वाकडंच. "वटवाघळासारखं लोंबतंय. व्याही काय म्हणतील?"

"व्याह्यांचं सोडा, मासा काय म्हणतो ते बघा," बायको म्हणाली, आणि रीळ पिशवीत टाकलंसुद्धा.

रविवारी होडीत बसायच्या आधी गड्यानं काय करावं? काठीच उलटी धरली. रीळ वर! लांबून अगदी व्याह्यासारखं. आता दोरा गुंडाळायची दांडी उजवीकडे आली आणि उलट्या बाजूनं फिरवायला लागायची, पण म्हटलं, असू दे. अब्रू राहिली म्हणजे झालं.

दोऱ्याला हिसका बसला, तो चांगला दांडगा. रंगारी उलटं पॅडल मारल्यासारखी दांडी फिरवतोय, ताठ अंगठा दर फेऱ्याला निसटतोय, आणि मासा दोरा घेऊन चाललाय.

"व्याहीबुवा, जाळी घ्या! सुटतोय!"

"कुठल्या हातानं घेऊ? दोन्ही अडकलेत!"

रंगाऱ्यानं वळून बघितलं. व्याह्याच्या चकचकीत रिळावर घरटं! दुकानातल्यापेक्षा मोठं, आणि त्यात व्याही मनगटापर्यंत. रंगाऱ्याला असलं हसू फुटलं, की पकड ढिली झाली, काठी हातात फिरली आणि रीळ आपल्या वजनानं खाली जाऊन लोंबलं. दांडी डावीकडे आली. त्यानं हात बदलले. आता अंगठा काठीवर नुसता आडवा, साहेबासारखा, आणि रीळ लोण्यासारखं फिरतंय. मासा होडीला लागला, तसा व्याह्यानं गुंत्यासकट हात पुढे करून त्याला जाळीत घेतलं.

दोघं धापा टाकत बसले. मग व्याही हळूच म्हणाला, "खरं सांगू? हे रीळ घेतल्यापासून एक मासा लागला नाही."

"मग घड्याळवाला कशाला लागतो?"

"गाठी सोडवायला. बोटं बारीक आहेत त्याची."

"अन् दर रविवारी आमच्या लेकीच्या पुढ्यात ठेवता ते मासे?"

"बाजारातले."

रंगारी इतका हसला की होडी डुलायला लागली. व्याही आधी रुसला, मग तोही सुटला. हसू ओसरल्यावर त्यानं लोंबत्या रिळाची दांडी एकदा फिरवून बघितली, मग आणखी एकदा.

"ते दुकान आज उघडं असतं का हो?"

"जागा कुणाची ते आधी सांगा."

"तुमचीच, बाबा! तुमचीच."

"आणि घड्याळवाल्याचे बूट?"

व्याह्यानं आपल्या भिजलेल्या चपलांकडे बघितलं. "मला होतात का विचारतो."