मरव्याचा वाफा

फॅक्टरीच्या रांझी वसाहतीतल्या क्वार्टरमागे, नळाजवळ विनताने हौसेने मरवा लावला होता. वेणीत एक काडी खोवली की दिवसभर वास पुरायचा. पण त्याचा खरा फडशा पाडायचा तिचा नवरा. मुरलीधर फॅक्टरीत तोफगोळ्यांत बारूद भरायचा. त्या बारुदाने हात कायमचे पिवळे. ड्यूटीवरून आला की हात धुवायचा, मूठभर मरवा चुरगाळून कोपरापर्यंत चोळायचा, अन् मगच लहानग्या प्रतिमाला उचलायचा. काय बाई नखरे या माणसाचे, म्हणून विनता हसायची. तोही हसायचा. बोलणं तसं त्याला महागच.

पासष्टच्या लढाईच्या दिवसांत मरवा फुलला आणि मधमाश्यांची झुंबड उडाली. रांगत गेलेल्या प्रतिमाला एक डसली, डोळा टम्म सुजला. झालं! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. विनताने खुरपं घेतलं आणि अख्खा वाफा उपटून उकिरड्यावर फेकला. संध्याकाळी मुरलीधर त्या उघड्या मातीपाशी थांबला, हात धुतले, हुंगले, आणि लेकीला न घेताच खाटेवर जाऊन पडला.

दोन-दोन पाळ्या करून थकत असेल, असं विनताला आधी वाटलं. लढाई थांबली, तरी तो पोरीला जवळ घेईना. मग तिच्या मनाने घेतलं, मुलगी झाली म्हणूनच हे. तीही पेटली. प्रतिमा बापाकडे निघाली की ही तिला ओढून आणायची. असं करता करता पोर तीन वर्षांची झाली.

शेवटी एकदा विनता रडतच म्हणाली, "पोरीला हात काहून लावत नाही तुम्ही?"

"अगं, बारुदाचा वास येतो हातांना. तान्ही होती तेव्हा उचललं की तोंड फिरवून रडायची. मरव्यानं तो वास जायचा."

"मग तेव्हाच बोलले काहून नाही?"

"काय बोलणार? पोरीचा डोळा सुजला होता ना."

दुसऱ्याच दिवशी विनताने कमानिया गेटच्या फुलवालीकडून मुळासकट रोपं आणली. कधी नव्हे इतकं जपलं. मरवा धरला, फुलला, माश्याही आल्या. मुरलीधरने कोपरापर्यंत पाला चोळला आणि दोन्ही हात पुढे केले.

प्रतिमा आईच्या पदराआड सरकली. मग तिथूनच तिने बापाला हात जोडले. पाहुणे आले की असं करायचं, हे विनतानेच शिकवलं होतं.