थर्झाची तोटी फवाऱ्यावर होती

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, सायकलचाही नव्हे. भरलेल्या बादलीत मला उभा करायचा, बादलीबाहेरच्या माझ्या पावलावर आपला पाय दाबून धरायचा आणि दांडा वरखाली करायचा. माझं अंग पितळेचं आहे. मला तीस फूट लांब नळी आहे आणि नळीच्या टोकाला तोटी. तोटी एका बाजूला फिरवली की पाण्याची सरळ धार लांब जाते. दुसऱ्या बाजूला फिरवली की फवारा पसरतो. फवाऱ्याला धारेच्या निम्मंच पाणी लागतं. एवढं नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या बाईचं नाव याच तोटीपायी गेलं.

इंग्लंडात सायकलचे पंप बनवणारा एक कारखाना होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि तिथे माझी भावंडं बनू लागली. आमची तपासणी करणाऱ्या बाईने भिंतीवर खडूची रेघ ओढलेली होती. मी रेघेच्या वर धार मारली तेव्हा ती म्हणाली, "हा गडी कामाचा आहे." आयुष्यात माझं पहिलं कौतुक झालं ते असं. मग मला हल नावाच्या बंदरात पाठवण्यात आलं.

हलच्या हेसल रोडजवळची ती गल्ली मासेमारी करणाऱ्यांची होती. पुरुष बोटींवर गेलेले, त्यातले बरेच आता समुद्रातले सुरुंग शोधायच्या कामाला लावलेले. गल्ली राखायला उरल्या बायका, म्हातारे आणि दुकानदार. नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांत थर्झा ब्लेंकिन नावाची एक बाई होती. दिवसा ती हेरिंग मासे धुरावर सुकवायच्या भट्टीत काम करायची, त्यामुळे तिच्या हातांना आणि पुढे माझ्या तोटीलाही तो वास कायमचा लागला. तिचा नवरा अँब्रोस सुरुंगांच्या बोटीवर होता. मुलगी मर्सी नऊ वर्षांची. बाँबच्या भीतीने तिला दूर एका खेड्यात अनोळखी कुटुंबाकडे ठेवलेलं होतं.

मला चालवायला तीन माणसं लागतात. पहिल्याने तोटी घेऊन पोटावर सरपटत आत जायचं, कारण धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. दुसऱ्याने दाराशी मला चालवायचं. तिसऱ्याने पाणी आणायचं. आमची पहिली थर्झा. दुसरा एनॉक ओग्राम, गल्लीच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. तिसरी नेल स्टॅथर्स, अख्ख्या गल्लीची आँटी नेल.

दर रविवारी प्रार्थनेनंतर मागच्या बोळात आमचा सराव चाले. थर्झा सगळ्यांना एकच गोष्ट घोकून घ्यायला लावी. शत्रूचा आगबाँब मॅग्नेशियम धातूचा असतो. पेटलेला मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजनसुद्धा हिसकावून घेतो आणि मागे हायड्रोजन सोडतो, जो स्वतःच पेटतो. त्यावर धार मारली तर जळता धातू चहूकडे उडतो. म्हणून बाँबवर फवारा, आणि बाँब निवल्यावर आजूबाजूच्या आगीवर धार.

"बाँबवर काय?" ती विचारी.

"फवारा!" गल्ली ओरडे.

"आणि धार मारली तर?"

"तर थर्झाबाईंचा मार!" आँटी नेल म्हणे आणि बोळ हसून लोटपोट होई.

ओग्राम दांडा मारता मारता तिला टोमणा मारी, "आँटी नेल, बादली भरून आणत जा की. निम्मी वाटेतच सांडता तुम्ही."

"तुमच्या साखरेच्या मापावरून शिकले हो!"

तोही हसे. खोटं कशाला बोलू, मला त्याचे हात आवडायचे. त्याची लय कधी तुटत नसे. तोटीशी पडलेल्या माणसाचा जीव मागच्या माणसाच्या लयीवर असतो, आणि थर्झाने तो निश्चिंतपणे त्याच्या हाती दिला होता.

मे महिन्यात ओळीने हल्ले झाले. पहिल्या हल्ल्यात आम्ही शाळेचं छप्पर वाचवलं, बेकरीही वाचवली. लोक मला थोपटत, माझ्या दांड्यावर हात फिरवत. दुसऱ्या हल्ल्यात एक आगबाँब ओग्रामच्याच दुकानाचं छप्पर फोडून मागच्या कोठीत पडला.

आत शिरण्याआधी घरमालकाला एक प्रश्न विचारायचा, असा नियम होता. थर्झाने विचारला.

"मिस्टर ओग्राम, आत पेटण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. साबण आणि रिकामी खोकी."

"नक्की?"

"अगं, माझंच दुकान आहे ना! जा तू, मी आहे मागे."

मित्रांनो, कोठीत पोत्यांखाली पेट्रोल होतं. त्या काळी पेट्रोल मोजून मिळे आणि चोरून साठवणाऱ्याला तुरुंग होता. हे त्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

ती सरपटत आत गेली. तोटी माझं टोक आहे, त्यामुळे तिथे काय झालं ते मी शपथेवर सांगू शकतो. तिने तोटी फवाऱ्यावर फिरवली. पांढरा झगझगीत उजेड पिवळा पडू लागला. ती ओरडली, "निवतोय! लय सोडू नका!" त्याने लय सोडली नाही. पण आता त्याची नजर तिच्यावर नव्हती, पोत्यांवर होती. अजूनही तो एक शब्द बोलू शकला असता.

मग पोत्यांखालून आग उसळली.

ओग्रामने नळी ओढून घेतली. नळी आली, ती आली नाही. त्याने तोटी धारेवर फिरवली आणि एका हाताने दांडा मारत दारातून पाणी मारू लागला. त्या क्षणी तो तिला वाचवायलाच धडपडत होता, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन. आँटी नेल दुसरी बादली घेऊन धावत आली आणि मी ज्या बादलीत उभा होतो तिच्याकडे पाहून थबकली. थोड्या वेळाने छप्पर कोसळलं. पेट्रोलचे डबे बिस्किटांच्या आणि मुरंब्याच्या डब्यांत जळून चेपले, कुणाला ओळखू येईनासे झाले.

सकाळी नागरी संरक्षणाच्या चौकीचा प्रमुख आला. त्याने तोटी उचलून पाहिली.

"ही तर धारेवर आहे," तो म्हणाला. "बाँबवर धार मारली तिनं?"

ओग्राम पुढे आला. त्याच्या हातांना फोड आले होते, डोळ्यांत पाणी होतं.

"मी ओरडलो हो," तो म्हणाला. "फवारा, फवारा म्हणून ओरडलो. पण घाबरली बिचारी."

थर्झाचं दफन झालं. त्यानंतरच्या पहिल्याच सरावाला ओग्राम पुढे उभा राहिला आणि नव्या स्वयंसेवकांना म्हणाला, "थर्झानं केलं तसं करू नका." मला त्याने हातात उंच धरलं होतं.

एकटी आँटी नेल अस्वस्थ होती. दुकान जळाल्यावर ओग्रामने समोरच्या चर्चच्या सभागृहात माल मांडला होता आणि मला दाराशी टेकवून ठेवलं होतं. एके दिवशी गिऱ्हाईक नाही असं पाहून ती गल्ल्याशी आली.

"काय हो ओग्राम, एक विचारू? मी दुसरी बादली आणली तेव्हा पहिली अर्धी भरलेली होती. तेवढा वेळ धार चालली असती, तर बादली कोरडी पडायला हवी होती."

ओग्राम लोणी कापत होता. सुरी थांबली.

"आँटी नेल, तुमच्या घरी खाणारी तोंडं किती? सहा ना?"

"सहा."

"आणि रेशनचं नाव माझ्याच दुकानात."

त्याने लोण्याचा तुकडा मापापेक्षा जाड कापला, कागदात गुंडाळला आणि तिच्यापुढे सरकवला. आमच्याकडे तेव्हा रेशनचं नाव एकाच दुकानात असे, आणि मधेच दुकान बदलणं सोपं नव्हतं. तिने पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पुडी पिशवीत टाकली आणि गेली.

उन्हाळ्यात अँब्रोस रजेवर आला. थोराड, कमी बोलणारा माणूस. त्याने माझी तोटी हातात घेतली, इकडून तिकडे फिरवली, पुन्हा फिरवली. आँटी नेल तेव्हा रेशन घ्यायला रांगेत उभी होती.

"आँटी नेल, तुम्ही तिथं होतात," तो म्हणाला. "हे तिचं पाठ होतं हो. रजेवर आलो की मला जेवताना म्हणायला लावायची. मी उद्या पोरीकडे जातोय. ती विचारणार, आई कशी गेली. आईच्या हातून चूक झाली असं सांगू का मी तिला?"

रांगेतल्यांनी माना वळवल्या. ओग्राम काट्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता. आता ही बोलेल.

"मी पाणी आणायला गेले होते रे बाळा," आँटी नेल म्हणाली. "मिस्टर ओग्राम सांगतात तसंच झालं असेल."

अँब्रोसने मला भिंतीला टेकवून ठेवलं. हळूच ठेवलं, जसं कुणी दुसऱ्याची वस्तू ठेवतं.

युद्ध संपलं. माझ्या नळीला भेगा पडल्या, आतलं चामडं वाळलं. ओग्रामने नवं दुकान बांधलं आणि मला परसात टाकलं. गुलाबांवरची कीड मारायला तो मला वापरू लागला. फवाऱ्यावर, अर्थात. तो आता नगरातला मानाचा माणूस होता.

एका दुपारी मर्सी परसाच्या फाटकाशी आली. चौदा वर्षांची, आईसारखेच रुंद हात. मला पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरली.

"हाच ना तो?"

"हाच गं पोरी," ओग्राम म्हणाला.

"बाबा म्हणतात, तुम्ही तिला ओरडून सांगत होतात. तिनंच ऐकलं नाही." तिने ओठ चावला. "मला तिचा फार राग यायचा. अजूनही येतो. एवढं सोपं होतं तर ती चुकली कशी? पण तुम्ही शेवटपर्यंत तिथं थांबलात. म्हणून आले. थँक्यू, मिस्टर ओग्राम."

त्याने एक गुलाब खुडून तिला दिला. तिने घेतला.

मित्रांनो, त्या दिवशीही मी अर्ध्या भरलेल्या बादलीत उभा होतो आणि ते सगळं पाणी तिच्यापुढे ओतून सांगावं असं मला वाटलं. पण मी पितळेचा आहे. दांडा कुणी मारला तरच माझ्यातून काही बाहेर येतं, आणि तेही पाणीच.

आता मी भंगाराच्या ढिगात पडलो आहे. मला घासून चकचकीत करा, नवं चामडं बसवा, असं मी मागणार नाही. गंजलेल्या वस्तूची एवढी काय काळजी करायची? एक मात्र करा. गेलेल्या माणसाची चूक कुणी तुम्हांला सांगू लागला, तर मान डोलावण्याआधी त्याला विचारा की त्या वेळी तो स्वतः कुठे उभा होता. आणि अर्धी भरलेली बादली तुम्ही पाहिली असेल, तर घरी जाण्याआधी सांगा. थर्झाची मुलगी अजून वाट पाहते आहे, आणि कशाची वाट पाहते आहे हे तिला ठाऊकसुद्धा नाही.